न्याहाळकाची झूल

मंडळी, सध्या सगळ्यांना सगळं काचेचं हवं आहे. जिन्याचा कठडा काचेचा, दुकानाचं दार काचेचं, आणि आता संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्याही काचेच्या. खिडकी तर काचेचीच असते, त्यात काय नवल, असं कुणी म्हणेल. पण संगणकाच्या खिडकीला काच लावायची म्हणजे नेमकं काय करायचं, ती कुठं लावायची आणि कुणाच्या डोळ्यांचा विचार करून लावायची, यावर मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय किरकोळ वाटेल. पण माझ्या वयाच्या माणसांचं वाचन कधीकधी अशा किरकोळ गोष्टीवरच अडतं, म्हणून लिहिते.

आधी शब्दांचं बघू. ब्राउजरला आपल्या मराठी जालकरी मंडळींनी 'न्याहाळक' हा शब्द रूढ केला. मला तो पहिल्यापासून आवडला. न्याहाळणं म्हणजे निवांत, निरखून बघणं. आजची पोरं ब्राउजरच म्हणतात, म्हणोत बापडी. मी मात्र इथे न्याहाळकच म्हणणार. आणि न्याहाळकाच्या 'थीम'ला मी माझ्यापुरता एक शब्द ठेवलाय, झूल. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, गळ्यात घुंगुरमाळ घालतो आणि पाठीवर झूल टाकतो. बैल तोच. त्याची ताकद झुलीनं वाढत नाही की कमी होत नाही. पण घरच्यांना बरं वाटतं, आणि माझा तर विश्वास आहे की बैलालाही बरं वाटत असावं.

थीमचंही तसंच आहे. ती घातल्यावर वरची पट्टी, टॅबांची रांग, पत्ता लिहायची चौकट, वाचनखुणांची ओळ आणि नवा टॅब उघडल्यावर येणारं कोरं पान, एवढ्याचंच रूप बदलतं. तुम्ही जे संकेतस्थळ वाचत असता त्याचं पान होतं तसंच राहतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

या झुलींचा इतिहासही तसा मजेशीर आहे. फायरफॉक्सची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. त्या काळच्या थीम म्हणजे बैलाचा सगळाच साज असायचा. रंगच काय, बटणांचे आकारसुद्धा बदलून जायचे. मग क्रोमने २००९ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीपासून, थीम आणल्या. जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ बरोबर 'पर्सोना' आल्या. टिचकी मारली की झूल अंगावर, न्याहाळक बंद करून पुन्हा उघडायचीही गरज नाही. पुढं नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि सगळा साज बदलणाऱ्या जुन्या थीम बंद झाल्या. आता साध्या थीमला रंग आणि चित्रं एवढंच बदलता येतं. ज्यांची हौस त्यावर भागत नाही ते 'युझरक्रोम' नावाच्या एका फायलीत स्वतः सूचना लिहून न्याहाळकाचा चेहरामोहरा बदलतात. त्यासाठीही २०१९ पासून आधी आतलं एक बटण चालू करावं लागतं. नाहीतर ती फाइल कुणी वाचतच नाही.

आता मी या हौसेच्या बाजूची की विरुद्ध? मी पक्की बाजूची. मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत केली. तिथं भिंतीचा रंग वरून ठरायचा, हजेरीपटाचा नमुना वरून यायचा, टेबल-खुर्ची यादीतल्या क्रमांकानं यायची. घरी आलं तर घराचा रंग सासऱ्यांनी ठरवलेला. तक्रार म्हणून सांगत नाही, तेव्हा रीतच तशी होती. पण निवृत्तीनंतर संगणक शिकले आणि कळलं की या पडद्यावरची वरची पट्टी जांभळी असावी की मोरपंखी, हे मला एकटीला ठरवता येतं, आणि कुणाच्या सहीची गरज नाही. तेव्हा काय गंमत वाटली म्हणून सांगू! मी मोरपंखी ठेवली. आजही तीच आहे. त्यामुळे 'म्हाताऱ्या माणसांना काय करायचंय रंगीत बिंगीत' असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं मुळीच जमत नाही.

माझं म्हणणं आहे ते फक्त पारदर्शक झुलीबद्दल. आणि तेही तिच्या असण्याबद्दल नाही, ती न विचारता दुसऱ्याच्या बैलावर टाकण्याबद्दल.

पारदर्शक थीम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. यात दोन जाती आहेत. पहिलीत खिडकीच्या कडांमधून खरोखरच मागचं दिसतं. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली, तेव्हा तिच्या खिडक्यांना अशा धुरकट काचेच्या कडा होत्या. 'एरो' म्हणायचे त्याला. दुसऱ्या जातीत मागचं काही दिसत नसतं, पण दिसतंय असा भास केलेला असतो. पट्टीच्या मागं एक चित्र ठेवायचं आणि पट्टीचा रंग पातळ करायचा. संगणकात रंग सांगताना लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतात. त्याला चौथा आकडा जोडता येतो, तो रंग किती दाट हे सांगतो. एक म्हणजे घट्ट, शून्य म्हणजे नाहीसा, आणि अर्धा म्हणजे पाणी घातलेल्या दुधासारखा. फायरफॉक्सच्या किंवा क्रोमच्या साध्या थीमला रंग आणि चित्रं एवढीच मुभा असल्यामुळे तिथली पारदर्शकता बहुतेक या दुसऱ्या जातीची. आहे की नाही गंमत? नाव पारदर्शक, आणि आतून सगळं रंगवलेलं.

ही फॅशन बेलबॉटमसारखी फिरून फिरून येते. १९९८ मध्ये ॲपलने आयमॅक काढला, त्याचं कवचच अर्धपारदर्शक, निळसर होतं. मग व्हिस्टाची काच आली. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि काच जाऊन सगळं सपाट, घट्ट रंगाचं झालं. २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने धुकट काच पुन्हा आणली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर एक हुशारी केली. मागचं सतत दाखवत बसण्यापेक्षा डेस्कटॉपच्या चित्राचा रंग एकदाच घ्यायचा आणि त्याची फिकट झाक पट्टीला द्यायची, म्हणजे यंत्रावर ताण कमी. कारण मागचं हलतं चित्र पुन्हा पुन्हा धूसर करून दाखवणं हे यंत्राला कामच असतं, फुकट होत नाही. म्हणूनच विंडोजमध्ये बॅटरी वाचवायची सोय चालू झाली की पारदर्शकता आपोआप बंद पडते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीत ॲपलने 'लिक्विड ग्लास' म्हणजे जणू वितळलेली काच आणली. अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड जगभर झाली. नोव्हेंबर २०२५ च्या सुधारणेत त्यांनी काच जास्त दाट करायचा पर्याय दिला.

ही ओरड का झाली ते समजायला कुठलं इंजिनियरिंग लागत नाही. फळ्यासमोर आयुष्य काढलेल्या कुठल्याही बाईला किंवा गुरुजींना विचारा. फळा नवा काळाभोर असतो तेव्हा शेवटच्या रांगेतलं पोरगंही बरोबर उतरवून घेतं. वर्षभर डस्टर फिरून फिरून फळा राखाडी झाला की तेच पोरगं 'घर'चं 'धर' लिहितं. पोरगं तेच, अक्षर तेच, खडू तोच. बिघडतं ते अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्यातलं अंतर. म्हणून आम्ही सुट्टीत फळे काळे करून घ्यायचो. हेच अंतर संगणकवाले आकड्यात मोजतात. पांढऱ्यावर काळं असलं की ते सर्वांत जास्त, एकवीसास एक. संकेतस्थळांचे नियम ठरवणारी जी जागतिक संस्था आहे, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, तिनं २००८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत साध्या अक्षरांसाठी हे अंतर निदान साडेचारास एक असावं असं सांगितलंय. अक्षर मोठं असेल तर तीनास एक चालतं.

आता पारदर्शक पट्टीवर हा हिशेब कसा करायचा? मागं फोटो आहे. त्यात एका कोपऱ्यात ढग, दुसऱ्या कोपऱ्यात झाड. अक्षरं पांढरी ठेवली तर झाडावर उठून दिसतात आणि ढगात विरघळतात. काळी ठेवली तर उलटं. एकाच ओळीत पहिले दोन टॅब वाचता येतात, तिसरा हरवतो, चौथा पुन्हा सापडतो. तरुण डोळा हे सांभाळून घेतो. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट, धूसर होत जातं, बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे आत प्रकाशच कमी जातो. फरक कमी असलेल्या दोन रंगांतलं अंतर आम्हाला तुमच्यापेक्षा कमी दिसतं. चष्म्याचा नंबर बदलून हे भागत नाही.

आणि मंडळी, ही झाली कुठल्याही लिपीची गोष्ट. आपल्या देवनागरीची तर आणखी वेगळी आहे. इंग्रजी 'आय'वरचा ठिपका पडला तरी शब्द बदलत नाही. आपल्याकडं एक ठिपका गेला की चिंतेची चिता होते! खंत गेली की खत उरतं. वंशाचा वश, रंगाची रग, पंताची पत. शुद्धलेखनाच्या तासाला ही उदाहरणं देऊन मी पोरांना हसवत असे, आता टॅबांच्या रांगेत ती आपोआप तयार होतात. दहा टॅब उघडे असले की प्रत्येकात मथळ्याची पहिली पाच-सात अक्षरंच मावतात. त्यांत 'शेतकऱ्यांची खंत' आहे की 'शेतकऱ्यांना खत', हे एका अनुस्वारावर आलं आणि तो अनुस्वार मागच्या फोटोतल्या चांदण्यांत मिसळला, की संपलं.

शिवाय आपलं अक्षर उभं जास्त पसरतं. वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, ऋकार. आणि टॅबांची उंची रोमन अक्षराच्या बेतानं ठरवलेली. त्यात आपली अक्षरं अंग चोरून बसतात. शिरोरेघेचं तर विचारूच नका. मागं समुद्राचा फोटो असला आणि क्षितिजाची रेघ नेमकी तिथंच आली, की शब्द आणि समुद्र एकाच दोरीला लटकल्यासारखे दिसतात. काचेची झूल शिवणाऱ्यानं ती मराठी मथळ्यांवर एकदा तरी घालून बघितली असेल का, अशी शंका येते.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं लिहिते त्याला कारण आहे. संगणकावर मराठी अक्षर सहज दिसायला लागलं त्याला फार दिवस झालेले नाहीत. ज्यांनी २००० च्या आसपास जालावर वाचायला सुरुवात केली त्यांना आठवत असेल, प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर पानभर अगम्य खुणा. युनिकोड रुजलं तेव्हा कुठं हा छळ संपला. विंडोज २००० पासून 'मंगल' हा देवनागरी टंक संगणकाबरोबरच मिळू लागला. तो घडवला आपल्या र. कृ. जोशी यांनी, जे कवी होते आणि सुलेखनकार होते. २००८ मध्ये ते गेले. अक्षराच्या प्रत्येक वळणाचा विचार करणाऱ्या माणसानं ते आपल्या हातात दिलं. मंगलवर टीका करणारेही पुष्कळ आहेत, आणि विंडोज ८ पासून त्याच्या जागी 'निर्मला' दिसू लागला, तो भाग वेगळा. पण चौकोन आणि प्रश्नचिन्हं वाचून दिवस काढलेल्या माणसाला ही अक्षरं धुक्यात गेलेली बघवत नाहीत.

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगते. माझ्याबरोबर नोकरीला असलेले एक गुरुजी आहेत, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. मुलगा पुण्याला. सकाळी पूजा झाली की संगणक लावून दोन वर्तमानपत्रं वाचायची आणि मग संध्याकाळी पारावर येऊन त्यावर वाद घालायचा, हा त्यांचा दिनक्रम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं ठीक झालं, पुन्हा वाचायला लागले. आणि मग दिवाळीनंतर एकाएकी पारावर गप्प. विचारलं तर म्हणाले, "वाचन सोडलं आता. डोळ्याचं काही खरं नाही."

मी घरी गेले त्यांच्या. संगणक लावायला सांगितला. वरची सगळी पट्टी काचेसारखी, तिच्यामागं कुठल्याशा बर्फाळ डोंगराचा फोटो, आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं. पांढऱ्यावर पांढरं! मागं जाण्याचा बाण दिसत नव्हता. टॅब बंद करायची फुली दिसत नव्हती. खालचं पान अगदी स्वच्छ होतं, ते त्यांना वाचता येत होतं. पण एक बातमी वाचून दुसरीवर जायचं कसं, हेच सापडत नव्हतं. कुणीतरी त्यांना कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबायला शिकवलं होतं. त्यानं पान मोठं होतं, टॅब होते तेवढेच राहतात. ते बिचारे पान मोठं मोठं करत बसायचे आणि तरी वाट सापडायची नाही. दिवाळीला नातू आला होता, त्यानं आजोबांचा संगणक 'एकदम भारी' करून दिला होता. प्रेमानंच केलं होतं, त्याबद्दल वाद नाही. आणि गुरुजींनी त्यातून काय निष्कर्ष काढला? की ऑपरेशन फसलं. तीन आठवडे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलाला कळलं तर तो पुण्याला चला म्हणेल, ही भीती.

मी ती झूल काढली, मूळची साधी थीम लावली. दोन मिनिटांचं काम. गुरुजी बराच वेळ पडद्याकडं बघत बसले, मग म्हणाले, "बाई, हे मला दाखवा. कसं केलं ते." मग मी पुन्हा ती काचेची थीम लावली आणि त्यांच्याकडून काढून घेतली. तीन वेळा. आता त्यांनी गर्द तपकिरी रंग लावलाय. त्यांची निवड आहे, मला मुळीच आवडत नाही तो रंग. :)

मंडळी, मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. आमच्या पिढीतली किती माणसं दुसऱ्यानं लावून दिलेल्या संगणकावर आणि फोनवर राहतात! मुलगी येते, अक्षराचा आकार बदलते. नातू येतो, झूल बदलतो. जावई येतो, काहीतरी 'क्लीन' करून जातो. ते गेले की आम्ही त्या नव्या घरात चाचपडत राहतो. आणि काही दिसलं नाही, सापडलं नाही, तर पहिला संशय स्वतःवर घेतो. आपले डोळे गेले, आपली बुद्धी गेली. यंत्रात काही बदललं असेल हे मनातच येत नाही. विचारायची लाज वाटते. मग हळूहळू वाचणं थांबतं, आणि घरातले म्हणतात, "आता वय झालं, त्यांना काही कळत नाही."

माझ्या नातीशी यावर माझा वाद झाला. ती म्हणाली, "आजी, दिवसभर ती पांढरी पट्टी बघून कंटाळा येतो गं. मागं आपल्या शेताचा फोटो दिसला की बरं वाटतं." तिचं म्हणणं मला पटतं. दूर शहरात एका खोलीत बसून काम करणाऱ्या पोरीला पट्टीमागं ज्वारीचं रान दिसलं तर त्यात वाईट काय? तिचे डोळे बाविशीचे आहेत, पडदा चांगला आहे, आणि झूल तिनं स्वतः घातली आहे. खुशाल घालावी. फोटो खुद्द तिनं हुरड्याच्या दिवसांत काढलाय.

पण काच कुठं असावी आणि कुठं नसावी, याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय असं मला वाटतं. नळदुर्गचा पाणीमहाल बघितलाय ना? किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या बांधाच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि महालातल्या माणसाला खिडकीतून ते समोर पडताना दिसतं. आत बसणारा कोरडाच राहतो. आम्ही सहलीला पोरं न्यायचो, ती खिडकीशी गर्दी करायची आणि ओरडायची. आता विचार करा. बांधणाऱ्यानं पारदर्शकता ठेवली ती कुठं? बघायच्या जागी. खिडकीच्या पलीकडं पाणी. पायऱ्या मात्र दगडाच्या, घट्ट, पाय ठेवला की ठाव लागणाऱ्या. पायऱ्याही पाण्यासारख्या दिसाव्यात अशी हौस त्याला सुचली नाही.

न्याहाळकात वाचायचं पान ही बघायची जागा आहे. आणि वरची पट्टी, टॅब, बाण, फुली या पायऱ्या आहेत. पायरी दिसलीच पाहिजे. नव्या टॅबच्या कोऱ्या पानावर हवा तेवढा मोठा फोटो लावा, समुद्र लावा, तुळजापूरच्या देवळाचं शिखर लावा, तिथं फारसं वाचायचं नसतं. पण पट्टीचा रंग दाट ठेवा, अक्षर आणि रंग यांत अंतर ठेवा. नातीला मी एवढंच सांगितलं आणि तिनं शेताचा फोटो नव्या टॅबवर नेला, पट्टी गडद हिरवी केली. आता दोन्ही दिसतं म्हणाली.

ज्यांच्या घरी माझ्या वयाचं कुणी आहे त्यांनी आज संध्याकाळीच एवढं करून बघा. त्यांच्याशेजारी बसा आणि पट्टीतला एकेक शब्द मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळले तर डोळ्यांना नाव ठेवण्याआधी झुलीकडं बघा. फायरफॉक्समध्ये कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर टिचकी मारली की थीमचा पर्याय सापडतो, तिथून थीम बदलते. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली उजव्या बाजूला 'कस्टमाइझ' असतं, तिथूनच मूळ रूपावर परतही येता येतं. विंडोज ११ ची स्वतःची काच काढायची तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात कलर्स, तिथं 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा. आयफोन असेल तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ'खाली 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' आहे. टॅबांची अक्षरंच बारीक वाटत असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून सगळ्याचंच माप वाढवावं लागतं. आणि विंडोजवर फायरफॉक्समध्ये लेख वाचताना एफ-नाइन दाबलं की बऱ्याच पानांवरची जाहिरातींची जत्रा जाते आणि नुसता मजकूर उरतो, हे तर मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मात्र हे सगळं त्यांच्यासाठी करून देऊ नका, त्यांच्या हातानं करवून घ्या. माऊस त्यांच्या हातात द्या आणि आपले हात मागं बांधा. वेळ लागेल. पहिल्यांदा चुकतील, दुसऱ्यांदा चिडतील. पहिलीच्या वर्गातल्या पोराचा हात धरून किती दिवस गिरवून घेतो आपण? कधीतरी सोडतोच ना हात? रंग कुठला लावायचा हेही त्यांनाच ठरवू द्या. गुलाबी लावला तर लावू दे.

आणि थीम बनवणाऱ्यांना, जर कुणी मराठी पोरगं हे वाचत असेल तर, माझी एक विनंती. तुमची काच तयार झाली की दहा टॅब उघडा, सगळे मराठी मथळ्यांचे. मग ते एखाद्या सत्तरीच्या माणसाला वाचायला द्या. अनुस्वार दिसले तर तुमची झूल बाजारात आणा.

असो. बराच मोठा झाला लेख. तुमच्याकडं कुठली झूल आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या संगणकावर कुठली निघाली, ते नक्की कळवा. तपकिरी रंगाची बाजू घ्यायला गुरुजी स्वतः हजर राहणार आहेत.